पोरगं आत गेलंय? मग वकील असा शोधा

गॅसची शेगडी घेताना आपण चार दुकानं फिरतो, बर्नर खरंच पितळेचा आहे का ते नखानं खरवडून बघतो. वकील करताना मात्र एवढी चिकित्सा बरी दिसत नाही. घरातलं माणूस पोलिसांनी उचललंय, २४ तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचंय, अशा वेळी डोकं चालवलं तर भावकी काय म्हणेल? परवाच, पोरगं कोठडीत गेल्याच्या ६३ व्या दिवशी, केसच्या कागदांची आणखी एक प्लास्टिकची पिशवी माझ्या वकिलीच्या टेबलावर आली. म्हणजे आपली पारंपरिक पद्धत अजून जोरात चालू आहे. ती एकदा लिहून ठेवलेली बरी.

तर, सुरुवात वकिलापासून करूच नका. आधी नगरसेवक, मग नगरसेवकाचा माणूस, मग त्या माणसाच्या ओळखीचा हवालदार. या प्रदक्षिणेत पहिली रात्र आरामात निघून जाते. एफआयआरची प्रत मागू नका. संवेदनशील गुन्हे सोडले तर बाकीचे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. पण आपल्याला कलमं घेऊन काय करायचंय? 'मारामारीची केस आहे' एवढं सांगितलं की वकिलाला सगळं कळतं. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे आणि तो ठाण्यातच होऊ शकतो, हे चुकून कळलं तर 'जामीन करून द्यायचे' २५ हजार मोजण्यातली मजाच जाईल.

अटकेची कारणं लेखी मिळाली का, हेही विचारू नका. वरळीच्या बीएमडब्ल्यू प्रकरणातून निघालेल्या निकालात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की ही कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्या, लगेच जमलं नाही तर निदान रिमांडच्या, म्हणजे कोठडी ठरवायला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याच्या, दोन तास आधी तरी द्या. रिमांडच्या वेळी हा मुद्दा घ्यायला वकील त्या दिवशी कोर्टात हजर असावा लागतो. तुमचा वकील त्या दिवशी ठरलेलाच नसतो, त्यामुळे प्रश्न मिटला.

आता वकील कोणता? घरातलाच. पंचवीस वर्षं वाटणीचे आणि रस्त्याचे दावे चालवणारे काका आहेतच. काळा कोट सगळ्यांचा सारखाच असतो. काकांच्या तोंडी अजून 'चारशेवीस' असलं तर बिघडलं कुठे? १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते आणि फसवणूक आता ३१८(४) मध्ये आहे, त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागते, ही किरकोळ माहिती काका कोर्टात उभे राहिल्यावर न्यायाधीश देतीलच.

काका नको असतील तर मोठा वकील करा, मुंबईचा. तो पहिल्या तारखेला येईल, तुम्ही फोटो काढाल, दुसऱ्या तारखेपासून ज्युनिअर येईल आणि पुढची तारीख मागेल. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, सांगली-सातारा-सोलापूरच्या माणसाला आता जामिनासाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. पण मुंबईचा वकील म्हटल्यावर गावात जो वट पडतो, तो कोल्हापूरच्या वकिलानं थोडाच पडणार?

सगळ्यात उत्तम वकील तो, जो म्हणतो, "साहेब आपले आहेत, बोलणं झालंय." अर्जात काय लिहिलंय, सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, आला का, तपास अधिकाऱ्यानं कोणत्या मुद्द्यावर विरोध केलाय, असले प्रश्न विचारून त्याचा मूड घालवू नका. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, म्हणूनच 'काम झालं तरच पैसे' म्हणणारा माणूस दिलदार समजावा. पावती मागणं हा तर अपमानच. जामिनाची फी वेगळी, खटल्याची वेगळी, अपिलाची वेगळी, हे आधी कागदावर आलं तर सहा महिन्यांनी भांडायला विषय काय राहील?

कोऱ्या वकीलपत्रावर सही करा.

गुन्हा दाखल झाल्या झाल्या व्हॉट्सॲपला वाघाचं स्टेटस ठेवा.

स्वतःच्या वकिलाशी खोटं बोला. तुम्ही त्याला जे सांगता ते तो तुमच्या संमतीशिवाय बाहेर सांगू शकत नाही, असं कायदा म्हणतो. पण साक्षीदाराच्या उलटतपासणीत वकिलाला भर कोर्टात धक्का बसलेला बघण्याचं सुख काही औरच.

दंड भरून मिटत असेल तर 'गुन्हा कबूल' म्हणा आणि मोकळे व्हा. हजार रुपयांत विषय संपतो. पुढे पोराच्या नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो परत सुरू होतो, ते तेव्हा बघू.

जामीनदार आधीपासून शोधून ठेवू नका. सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, फोटो आणि मागितलं तर तहसीलदाराचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट (ऐपतीचा दाखला), एवढं सगळं जमवायला चार-सहा दिवस जातात. आदेश झाल्यावर ते दिवस पोरानं आत काढावेत. नाहीतर कोर्टाच्या गेटजवळ भाड्यानं जामीनदार मिळतातच. त्यांचे कागद खोटे निघाले तर आणखी एक गुन्हा बोनस.

आणि आता या सगळ्याचा कळस. दिवस मोजू नका.

अटक झालेल्या माणसाचा तपास ठरावीक दिवसांत संपवून चार्जशीट दिली नाही, तर त्याला जामीन मिळण्याचा हक्क तयार होतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेचे गुन्हे असतील तर ९० दिवस, बाकीच्यांना ६०. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याचं कलम १८७(३). फसवणुकीला शिक्षा सात वर्षांपर्यंत, म्हणजे ६०. यात गुन्ह्यात दम किती, पुरावा किती, काहीही बघत नाहीत. फक्त कॅलेंडर बघतात. आणि ते मोजायचं अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हा घोळ कायमचा मिटवला. १ मार्चला पहिला रिमांड झाला असेल तर ६० वा दिवस २९ एप्रिल. तोपर्यंत चार्जशीट आली नसेल तर ३० एप्रिलला सकाळी कोर्ट सुरू होताच अर्ज आत गेला पाहिजे. सकाळी! कारण अर्जाआधी चार्जशीट आली की हक्क संपला. हे १९९४ साली संजय दत्तच्या प्रकरणात घटनापीठानं सांगितलंय, म्हणजे नाव तरी सगळ्यांच्या लक्षात राहायला हरकत नव्हती.

पण आपण काय करतो? 'दोन महिने' मोजतो. १ मार्च ते १ मे. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, कोर्टाला सुट्टी. मग २ मे रोजी, ६३ व्या दिवशी, पिशवी घेऊन दुसऱ्या वकिलाकडे जातो. तोवर ३० एप्रिलला दुपारी चार्जशीट दाखल झालेली असते. पोलिसांना दिवस मोजता येतात हो! त्यांच्याकडे त्यासाठी माणूस असतो. तुमच्याकडे अख्खं घर असतं, तीन मोबाइल असतात, भिंतीवर दुधाचा हिशेब लिहिलेलं कॅलेंडर असतं आणि एकालाही साठपर्यंत मोजता येत नाही? भिशीचा हप्ता कुणाचा चुकलाय ते तोंडपाठ सांगता. पोराचा रिमांड कोणत्या तारखेला झाला विचारलं की एकमेकांची तोंडं बघता!

बरं, अर्ज मंजूर झाला तरी कोर्टानं दिलेल्या मुदतीत जामीनदार उभा राहिला नाही तर पुन्हा जैसे थे. जामीनदाराचं वर का लिहिलं, ते आता कळलं असेल.

वकिलानं लक्ष दिलं नाही म्हणता. नसेल दिलं. मग तुम्ही वकील बदलला का नाही? पहिला वकील फाइल अडवून बसलाय म्हणे. फीसाठी अशिलाचे कागद अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालय २००० सालीच सांगून बसलंय. नाहीच दिले तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार होते. 'पैसे नव्हते' हेही सांगू नका. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन नंबर १५१००. तिथला वकील फुकट आहे म्हणून तो कच्चा, हे कुणी सांगितलं तुम्हाला? ज्यानं 'साहेब आपले आहेत' सांगून ४० हजार घेतले, त्यानंच ना?

तारीख काय पडली ते वकिलाला फोन करकरून विचारायचीही गरज नाही. केसला १६ अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते. सासऱ्यांच्या मोबाइलवरसुद्धा ते ॲप चालतं. आरोपी जामिनावर बाहेर असताना तारीख चुकली आणि गैरहजेरीच्या माफीचा अर्जही गेला नाही, तर वॉरंट निघतं. मग पोलीस दारात आले की "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" म्हणून रडू नका. तो नंबर पहिल्या दिवशी लिहून घ्यायचा असतो.

आणि पुढच्या वेळी येताना कागद तारखेप्रमाणे लावून आणा. एफआयआर, रिमांडचे आदेश, वकीलपत्राची प्रत, दिलेल्या पैशांच्या पावत्या. कापडाच्या दुकानाच्या पिशवीत कोंबून नको. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे साधी फाइल मिळते, ती घ्या आणि मगच जिना चढा.