एम.कॉम. अकाउंटन्सी, पण अंगाला तोशीस न लावता

अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटन्सी घेतलीस ना? अभिनंदन बे. सीएचा नाद सुटला, एमपीएससीची जाहिरात यायचीय, घरचे लग्नाचं काढायला लागलेत, तवा दोन वर्षं कुठंतरी नाव लागलेलं बरं, एवढा खोल विचार करूनच सगळे इथं येतात, तू काय एकटा नाहीस.

लेक्चरचं मनावर घेऊ नको. एप्रिलात बेचाळीस डिग्रीत केगावच्या विद्यापीठापर्यंत जायचं आणि तिथं काय, तर इंड एएस 116, म्हणजे भाडेपट्ट्याच्या हिशोबाचं मानक. भाड्यानं घेतलेली वस्तूपण ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवायची आणि समोर तेवढं देणं, असलं काहीतरी. तू फक्त आकडा पाठ कर, 116, इंटरव्ह्यूत फेकायला. नोट्स ताईच्याच वापर, त्यात अजून व्हॅट आहे. व्हॅटच्या जागी जीएसटी 2017 ला आला, 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा, असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलं, पण झेरॉक्सवाल्याला अजून कुणी कळवलेलं नाही. ताळेबंद जुळला नाही तर फरक सस्पेन्स खात्याला (न सापडलेल्या फरकाचं तात्पुरतं खातं) टाक आणि पुढचा प्रश्न घे.

खरी कला प्रोजेक्टमध्ये. विषय घ्यायचा 'सोलापुरातील टेरी टॉवेल उद्योगाच्या खेळत्या भांडवलाचा अभ्यास', आणि काही झालं तरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाऊल टाकायचं नाही. चुकून गेलास तर एखादा कारखानदार चहा पाजून सांगत बसंल की माल उधारीवर जातो, सुताचे पैसे मात्र लगेच मोजावे लागतात, आणि ते जुन्या आयकर कायद्यातलं 43बी(एच) कलम आल्यापासून छोट्या कारखानदाराचं बिल लेखी करार असंल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसंल तर 15 दिवसांत नाही दिलं आणि मार्चअखेर थकलेलंच राहिलं, तर घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही, म्हणून काही व्यापारी घाबरून पैसे देतात आणि काही ऑर्डरच दुसरीकडं वळवतात. हे सगळं लिहायचं म्हणजे प्रोजेक्ट नवा करावा लागंल! त्यापेक्षा सीनियरची फाइल घे, तिच्यात इचलकरंजी आहे, फाइंड-रिप्लेस मार. एका पानावर इचलकरंजी राहतेच, राहू दे, तौलनिक अभ्यास म्हण.

शंभर प्रश्नावल्या कँटीनला बसून चौघात भरायच्या, पेनं मात्र वेगवेगळी (ह्याला प्रायमरी डेटा म्हणतात). करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) 2:1 च्या आसपास आणायचा, निष्कर्ष 'आर्थिक स्थिती समाधानकारक आहे', सूचना 'व्यवस्थापनाने खर्चावर नियंत्रण ठेवावे'. ही सूचना आजवर कुठल्याच धंद्याला चुकीची ठरलेली नाही. तोंडीला विचारलं शंभरच का, तर म्हणायचं, सर राउंड फिगर.

टॅलीचं सर्टिफिकेट तेवढं लॅमिनेट करून घे.

मग नवी पेठेत एखाद्या टॅक्सवाल्याच्या ऑफिसात चिकटशील. अकरा तारखेला आर-1 (जीएसटीचं विक्रीचं रिटर्न), चौदाला 2बी (खरेदीवरच्या कराची पोर्टलची यादी) आली की खरेदीची बिलं तिच्याशी जुळवायची, वीसला 3बी (कर भरायचं रिटर्न), हे तिथं बारावी पास पोरगा जेवता जेवता करत असतो. त्याला पहिल्या दिवसापासून दादा म्हण, कारण पोर्टलचे सगळे पासवर्ड त्याच्याच वहीत असतात.