घोरपडीच्या फुत्कारात विष नसतं हो!

गोरेगावात आरेला लागून आमची सोसायटी. परवा कंपाऊंडच्या भिंतीवर घोरपड दिसली आणि ग्रुपवर तो जुना मेसेज पुन्हा आला: 'घोरपड फुत्कारातून विष सोडते, जिभेने डंख करते, दिसताच मारा. तेल मात्र गुडघेदुखीवर रामबाण. तानाजींची घोरपड आठवा!' खाली नमस्काराचे हात.

फुत्कार खरा आहे. कोंडीत सापडली की ती अंग फुगवते, फुसफुसते, शेपटीचा फटकारा देते. बाहेर येते ती नुसती हवा. दुभंगलेली जीभ वासासाठी असते. हवेतले कण टिपून ती टाळूतल्या इंद्रियापाशी नेते, आणि उंदीर कुठे, अंडी कुठे, मेलेलं काही कुठे, हे तिला कळतं. (आमच्या कचराकुंडीपाशी ती का घुटमळते, हे आता सांगायला नको.) तिच्या काही जातभाईंच्या तोंडात विषासारखी प्रथिनं सापडली आहेत आणि त्यांवर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत; पण नागासारखे विषदंत तिला नाहीत. चावलीच तर जखम साबणाने धुवा, डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. अर्थात, चावून घ्यायला आधी तिला धरायला जावं लागतं. त्यापेक्षा १९२६ वर वनखात्याला फोन लावा.

तेलाचं म्हणाल तर ती चरबी आहे, औषध नव्हे. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. मारली तर तीन ते सात वर्षं तुरुंग. 'हत्थाजोडी' नावाचं मूळ लक्ष्मी येते म्हणून तिजोरीत ठेवतात ना? बरेचदा ते नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. ठेवा आता!

राहिला १६७० चा सिंहगड. सभासदाच्या बखरीत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जुन्या चरित्रात, मावळे वानरासारखे कडा चढले, असं आहे, घोरपड नाही. मोठी घोरपड शेपटीसकट पावणेदोन मीटरची, वजन पाच-सात किलो. दोराला माणूस लोंबकळल्यावर ती त्याचा भार कसा पेलणार? आणि हवं तिथेच थांबायला तिला शिकवणार कोण? पण गोष्ट अगदीच हवेतली नसावी. घोरपड कपारीत शिरून फुफ्फुसं फुगवते आणि अशी घट्ट बसते की शेपटी धरून ओढली तरी निघत नाही. कुणा गुराख्याने ती ओढून पाहिली असणार.