त्यांच्या वेण्या

रात्रीचा एक वाजलाय, झोप येत नाहीये. आज आमच्याकडे सगळे जमलो होतो. ‘बोन्स ऑफ क्रोज’ लावली होती, कॅनडातल्या क्री या आदिवासी समाजाच्या मुलांना आईबापांपासून तोडून रेसिडेन्शियल स्कूलमध्ये, म्हणजे त्यांची भाषा-रीत पुसायला काढलेल्या निवासी शाळेत टाकतात ती मालिका. मध्येच आपल्यातलाच एक जण म्हणाला, "किती वर्षं तेच उगाळत बसणार हे लोक? इंग्रजांनी आपलं काय कमी वाटोळं केलं?" दोघातिघांनी माना डोलावल्या. मी भजी वाढत होते, गप्प राहिले. त्याचाच संताप होतोय.

विनिपेगला नवीन आलो तेव्हा शेजारी एक क्री आजी राहायच्या. एकदा पायरीवर बसून मी लेकीला तेल लावून वेण्या घालत होते. त्या बघत होत्या. "कोणी शिकवलं?" म्हटलं, माझ्या आजीने. म्हणाल्या, "माझ्या वेण्या शाळेत पहिल्याच दिवशी कापल्या. घरी परतले तेव्हा आईचं बोलणं मला कळेना." एवढंच. खाली पडलेली रिबीन उचलून माझ्या हातात दिली. त्यांची स्वतःची पांढरी वेणी कमरेपर्यंत होती.

याला उगाळणं म्हणायचं? अशी दीड लाखाच्या वर आदिवासी मुलं नेली. १९२० मध्ये तर कायद्यानेच सक्ती केली, मुलं पाठवली नाहीत तर आईबापांना शिक्षा. सस्कॅचवन प्रांतातली गॉर्डनची अशीच शाळा बंद झाली १९९६ ला! त्या वर्षी मी दहावीत होते, आई सकाळी डबा भरता भरता माझ्या वेण्या घालायची. सरकारने माफी मागितली २००८ मध्ये. कालपरवाची गोष्ट आहे ही.

मालिका जड आहे, काळ सारखा मागेपुढे होतो, मान्य. पारतंत्र्य आपणही भोगलं, तेही खरं. पण शाळेतून घरी आल्यावर आपल्याला आपल्या आईचं बोलणं कळत होतं ना?

ज्याने हे म्हटलं तो वाईट नाही. करोनात आम्ही सगळे आजारी होतो तेव्हा रोज दाराशी डबा ठेवून जायचा. दर रविवारी, बर्फ असो नाहीतर काही असो, चाळीस मिनिटं गाडी चालवून पोरीला मराठी शाळेत नेतो. का, तर आजीशी फोनवर बोलता यावं म्हणून. अरे, मग तुला तरी कळायला हवं होतं रे. त्या आजींच्या आईला फोनवर नाही, समोर बसलेल्या लेकीशी बोलता येत नव्हतं.

उरलेले भाग येत्या शनिवारी आमच्याकडेच. भजी पुन्हा करीन. तूही ये, पण या वेळी शेवटपर्यंत बस.