पहिली 37 मिनिटं सहन करा, हात जोडतो

परवा ग्रुपवर कुणीतरी विचारलं की हसायला येईल असा पिक्चर सुचवा, मी नेहमीप्रमाणे 'वन कट ऑफ द डेड' म्हणालो आणि नेहमीप्रमाणेच रात्री मेसेज आला, "काय भंगार आहे रे, वीस मिनिटांत बंद केला."

अरे बाबांनो, ते भंगारच आहे! मुद्दाम!

जपानी पिक्चर, 2017 चा, शिनइचिरो उएदाचा. (पुढे थोडी स्टोरी फुटणार आहे, कोरं बघायचं असेल तर इथूनच कल्टी मारा.) बंद पडलेल्या पाणी शुद्धीकरण केंद्रात झोंबीपटाचं शूटिंग चाललंय, तिथे खरेच झोंबी येतात, आणि हे सगळं 37 मिनिटांच्या एका सलग शॉटमध्ये. मध्येच सगळे नट गप्प उभे, मग एकमेकांना छंद काय म्हणून विचारत बसतात, साऊंडवाला उगाच दार उघडून बाहेर पळतो, कॅमेरा जमिनीवर पडतो तो पडलेलाच.

मग गोष्ट महिनाभर मागे जाते आणि कळतं की हे एका चॅनेलसाठी लाइव्ह चाललेलं. साऊंडवाल्याचं पोट बिघडलंय, झोंबी व्हायचा नट दारू पिऊन आडवा झालाय आणि त्याला उभं करेपर्यंत वेळ काढायचा म्हणून ते छंद!

इथे मी सोफ्यावरून खाली यायचा बाकी होतो. कारण कॉलेजात एकांकिकेत आमच्या 'इन्स्पेक्टर'ची एन्ट्री हुकली (कुठे होता ते सांगत नाही, साऊंडवाल्यासारखंच समजा) आणि मी आणि माझा मित्र स्टेजवर दोन मिनिटं चहात आलं किती घालावं यावर बोलत होतो. परीक्षकांनी नंतर त्या 'सूचक संवादां'चं कौतुक केलं, आईशप्पथ.

बजेट 30 लाख येन, म्हणजे तेव्हाचे साधारण 18 लाख रुपये, अभिनयाच्या वर्कशॉपमधले अनोळखी नट, आठ दिवसांचं शूटिंग. तो लांब शॉट सहा वेळा घेतला म्हणे आणि लेन्सवर रक्त उडतं ते खरोखरच चुकून उडालं होतं, कॅमेरामनने चालू शॉटमध्ये पुसलं. टोकियोत दोन थिएटरांपासून सुरू होऊन जपानात 300 कोटी येनच्या वर गल्ला, हजारपट! फ्रेंचांनी नंतर रिमेक केला, पण माझं स्पष्ट मत आहे की पैसे असले की ही गंमत जाते. इथे लाइव्ह चालू असतानाच क्रेन मोडते, म्हणून शेवटच्या शॉटसाठी सगळं युनिट एकमेकांच्या पाठीवर चढतं, अगदी दहीहंडीचे थर, आणि वर दिग्दर्शक बापाच्या खांद्यावर कॅमेरा धरून त्याची मुलगी.

आईला दाखवला तेव्हा सुरुवातीला म्हणाली, "हे काय रक्तबंबाळ लावलंयस जेवताना." आणि शेवटी तो थर हलायला लागल्यावर टीव्हीला ओरडली, "अरे धरा तिला, पडेल ना पोर!"