सोयाबीन विकणारं घर, तेल विकत घेणारं घर

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी हा वाद पेटतो. पुण्यात आयटीत असलेला पुतण्या लिहितो, लाडकी बहीणचे महिन्याला दीड हजार वाटून सरकारने तिजोरी रिकामी केली, लोकांना फुकटची सवय लावली. लातूरजवळ गावी राहणाऱ्या वैनी त्याला सुनावतात, "तुला पगार हाय बाबा. हितं तेल, गॅस, पोरीची फी, समदं रोख लागतंय." मग कुणीतरी मला ओढतं, "काका, जर्मनीत असलं काही देतात का?"

देतात, आणि भरपूर देतात. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियाचा गॅस आटला आणि इथे घर गरम ठेवणं महाग झालं. सरकारने जून ते ऑगस्ट देशभरच्या लोकल गाड्या आणि बससाठी महिन्याला ९ युरोचा पास काढला. सप्टेंबरात नोकरदारांच्या पगारात ३०० युरो जास्तीचे आले. हे पैसे करपात्र होते, त्यामुळे मोठ्या पगारवाल्याच्या हातात कमी उरले आणि छोट्या पगारवाल्याच्या हातात जवळजवळ सगळे राहिले. डिसेंबरचा गॅसचा हप्ता सरकारने भरला. पुढच्या वर्षी आधीच्या वापराच्या ८० टक्क्यांपर्यंत गॅसला युनिटमागे १२ सेंट असा दर बांधून दिला, त्यावरचा वापर बाजारभावाने. आम्ही स्टुटगार्टच्या घरात बेडरूमचा हीटर बंदच ठेवला, कारण वाचवलेल्या युनिटचा फायदा चढ्या दराने मिळत होता. मुलांचा भत्ता वेगळाच. २०२५ मध्ये तो प्रत्येक मुलामागे महिन्याला २५५ युरो होता, आईबाप गरीब असोत की श्रीमंत.

श्रीमंतांना कशाला, यावर इथेही कडाक्याचं भांडण झालं आणि ते रास्तच होतं. पण या पैशाला कुणी भीक म्हटलं नाही, आणि त्यावर कुणा नेत्याचा फोटोही नव्हता. आपल्याकडे शंभर रुपयांत चार जिन्नस देणारा आनंदाचा शिधा आला तो पिशवीवर फोटो छापून, आणि पुढे तो बंदही पडला. सण आणि निवडणूक पाहून येणाऱ्या मदतीवर घराचं महिन्याचं गणित बसवता येत नाही. म्हणून पुतण्याला माझं पहिलं उत्तर हे की मदत देण्यात चूक नाही. चूक असलीच तर ती कधी येते, कशी येते आणि तिचा भार कुणावर पडतो, यात आहे.

भार कुणावर पडतो, हे मात्र ग्रुपवर कुणी बोलतच नाही.

दादांनी २०२४ च्या दिवाळीत वीस क्विंटल सोयाबीन विकलं, ४,१०० च्या आसपास भावाने. त्या हंगामाचा हमीभाव होता ४,८९२ रुपये. खरेदी केंद्र होतं, पण तिथे ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागत होता आणि परतीच्या पावसाने माल ओला झालेला. अंगणात ताडपत्रीवर दोन दिवस वाळवून नेला तरी यंत्रावर आकडा बसेना. मर्यादा १५ टक्क्यांवर नेल्याचा निर्णय आला तो नोव्हेंबरात, आणि तोवर दादांनी आडतीवर माल घालून कृषी केंद्राची उधारी फेडली होती. क्विंटलमागे आठशे धरा, वीस क्विंटलचे सोळा हजार गेले. त्याच घरात वैनींच्या खात्यावर लाडकी बहीणचे वर्षाला अठरा हजार येतात. आधी सोळा गेले आणि मग अठरा आले. पुतण्या फक्त आलेले अठरा मोजतो.

हा भाव नुसत्या बाजारामुळे पडलेला नसतो. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीनने काही बाजारांत दहा हजारांचा टप्पा गाठला, तेव्हा ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड, म्हणजे सोयाबीनचं तेल काढल्यावर उरणारं कोंबडीखाद्य, आयात करायला परवानगी दिली. नवा माल बाजारात यायच्या तोंडावर भाव कोसळले. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदेही थांबवले. तुरीचंही तेच, मे २०२१ मध्ये तिच्या आयातीची दारं मोकळी केली. शहरातल्या माणसाला डाळ आणि तेल परवडावं हा हेतू चांगलाच आहे. पण तो साधायला पैसा तिजोरीतून गेला नाही, तो आमच्या शेतातून गेला.

याची उलट बाजू मी मुद्दाम सांगतो, कारण आयातशुल्क वाढवलं की शेतकऱ्याचं भलं होतं असंही नाही. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. तेल लगेच चढलं. सोयाबीन जागचं हललं नाही. सोयाबीनमध्ये तेल असतं साधारण १८ टक्के, बाकी बहुतेक पेंड, आणि पेंडीला त्या वर्षी उठाव नव्हता. इथेनॉल कारखान्यांतून निघणारा धान्याचा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्त पडत होता. म्हणजे वैनींनी तेल महाग घेतलं आणि दादांनी सोयाबीन स्वस्तच विकलं. मे २०२५ च्या अखेरीस ते शुल्क पुन्हा साडेसोळावर आणलं. मराठवाड्यातलं घर एकाच वेळी पिकवतंही आणि विकतही घेतं. शुल्काचा खटका वर करा की खाली, त्या घराला एका हाताला तरी चटका बसतोच.

युरोपाने हा पेच १९९२ साली वेगळ्या रीतीने सोडवायला घेतला. बाजारात भाव धरून ठेवण्यावरचा भर कमी केला आणि शेतकऱ्याला थेट पैसे द्यायला सुरुवात केली. इथला शेतकरी त्यावर खूश आहे असं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सरकारची ६० अब्ज युरोंची तरतूद रद्द ठरवली, तेव्हा खड्डा बुजवायला सरकारने शेतीच्या डिझेलवरच्या सवलतीलाही हात घातला. जानेवारी २०२४ मध्ये बर्लिनमध्ये ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आणि सरकारला अर्धं मागे यावं लागलं. पैसे कमी पडले की पहिला डोळा शेतकऱ्यावर जातो, हे इथेही आहे. पण पाव स्वस्त करायचा म्हणून गव्हाचा भाव पाडावा, असा उपाय त्या महागाईच्या वर्षात इथल्या सरकारने केला नाही. भार तिजोरीने घेतला.

आपल्याला हे परवडेल का, हा पुतण्याचा पुढचा प्रश्न असणार. परवडण्याइतकाच प्रश्न पोहोचवण्याचा आहे, आणि त्यात आपण जर्मनीच्या पुढे आहोत. २०२२ मध्ये इथल्या सरकारकडे प्रत्येक नागरिकाच्या खात्यात थेट पैसे टाकायची सोयच नव्हती. म्हणून तर ते ३०० युरो पगारातून द्यावे लागले. आपल्याकडे आधारशी जोडलेली खाती आहेत आणि ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत कुणी काय पेरलं याची नोंद होते. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसासाठी हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असे दिलेही. मात्र ते हंगाम उलटून गेल्यावर, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर.

आणि खर्च कुणी उचलायचा याचं उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी १९७५ पासून मुख्यतः शहरातल्या पगारदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. पुतण्याच्या पगारातून आजही वर्षाला अडीच हजार कापले जातात, ते त्या करापोटीच. शहराने गावासाठी द्यायचं, उघडपणे, नियमाने. ही कल्पना युरोपातून आणायची गरज नाही.

माझी मागणी एवढीच आहे. केंद्राने डाळ-तेल स्वस्त करायला आयात मोकळी केली, तर त्याच अधिसूचनेबरोबर हमीभाव आणि बाजारभावातला फरक शेतकऱ्याला कसा आणि कोणत्या तारखेला मिळेल, हे जाहीर करावं, आणि जूनमध्ये, पेरणीच्या आधी. मध्य प्रदेशात २०१७ च्या अशाच भावांतर योजनेत, फरक सरकार भरणार म्हणून व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याची ओरड झाली होती. म्हणून फरक प्रत्येकाच्या पावतीवर नको, जिल्ह्याच्या सरासरी भावावर आणि पेरलेल्या क्षेत्रावर मोजावा. मग ओलाव्याच्या यंत्रापुढे आणि बारदान्यासाठी ताटकळणंही टळेल.

यात एक गाठ मला सुटलेली नाही. पैसे सातबारावरच्या नावाने जातील. आमच्या भागात बटाईने शेती करणाऱ्याचं नाव तिथे नसतं, आणि खुरपणीपासून राशीपर्यंत राबणाऱ्या बाईचं तर क्वचितच असतं. दीड हजार हे तिच्या स्वतःच्या नावावर आलेले पैसे आहेत. फरकाची रक्कम सुरू करताना ते बंद केले, तर घराचा हिशेब कागदावर जुळेल आणि तिच्या हातात काहीच उरणार नाही.