‘सिगरेट सोडायला विम्याचे पैसे कशाला?’: या दाव्यात काय चुकते

‘सिगरेट सोडायला मनाचा निर्धार पुरेसा असतो. औषधे विम्यात आणली तर न ओढणाऱ्यांचा हप्ता वाढणार. आणि त्या निकोटीन गमने कुणाची सुटते?’ अशा अर्थाचे संदेश व्हॉट्सअॅपवर सतत फिरतात.

आधी निर्धाराबद्दल. तो लागतोच, पण नुसत्या निर्धारावर सोडायला निघालेल्या शंभरांतले जेमतेम तीन ते पाच जण वर्षभर टिकतात. शेवटच्या सिगरेटनंतर काही तासांतच चिडचिड, बेचैनी, झोपमोड सुरू होते. पहिल्या आठवड्यात त्रास सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. बहुतेक जण याच दिवसांत पुन्हा पेटवतात. निकोटीन गम किंवा त्वचेवर चिकटवायच्या निकोटीन पट्टीने सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते. पट्टी आणि गम एकत्र वापरले किंवा व्हॅरेनिक्लिन (तलफ कमी करणारी गोळी) घेतले तर आणखी वाढते.

मग ‘गमने काही होत नाही’ हा अनुभव इतक्यांना का येतो? कारण गम साध्या च्युइंगमसारखा चघळला जातो. मग निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या आणि जळजळ होते, आणि माणूस दुसऱ्याच दिवशी पाकीट फेकून देतो. गम सावकाश चावायचा, तिखटसर झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, कारण आम्लामुळे निकोटीन शोषले जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ मिलिग्रॅमचा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, नंतर कमी करत एकूण बारा आठवडे. महागडे पाकीट स्वतःच्या खिशातून घेणारा माणूस चार-पाच गमांवर दिवस काढतो, तिसऱ्या आठवड्यात थांबतो आणि दोष औषधाला देतो. विम्याची खरी गरज इथे आहे.

हप्त्याच्या भीतीला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा अनुभव उत्तर देतो. तिथे जुलै २००६ पासून मेडिकेड या अल्प उत्पन्न गटाच्या सरकारी विम्यात सर्व मान्य औषधे आणि समुपदेशन आले. वर्षात ९० दिवसांचे दोन कोर्स, १६ पर्यंत समुपदेशन भेटी, आणि रुग्णाने द्यायचे फक्त एक ते तीन डॉलर. या सोयीची जाहिरातही जोरात झाली. अडीच वर्षांत या विमाधारकांतले धूम्रपान ३८.३ टक्क्यांवरून २८.३ टक्क्यांवर आले. कार्यक्रमावरच्या प्रत्येक डॉलरमागे हृदयविकाराच्या रुग्णालयीन खर्चात सुमारे ३.१२ डॉलर वाचले, असा अभ्यासाचा हिशेब आहे. कर्करोग आणि फुप्फुसाचे आजार त्यात धरलेलेच नाहीत.

अर्थात नुसते कागदावरचे संरक्षण कुचकामी ठरते. प्रत्येक कोर्सला पूर्वमंजुरी मागितली, वर्षात एकच प्रयत्न धरला किंवा विमाधारकांना सांगितलेच नाही, तर योजना पडून राहते. बरेच जण अनेक प्रयत्नांनंतर सुटतात, म्हणून दोन कोर्सची अट महत्त्वाची.

भारतात अडचण पॉलिसीच्या मजकुरातच आहे. विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांतला बारावा अपवाद ‘कोणत्याही व्यसनाधीन अवस्थेवरील उपचार आणि तिचे परिणाम’ वगळण्याची मुभा देतो. त्यात बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि गम, पट्टी, समुपदेशन हे सगळे बाह्यरुग्ण उपचार. म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यानंतर लाखोंचे बिल भरायची तयारी, पण तो टाळणाऱ्या बारा आठवड्यांच्या औषधाला नकार. निकोटीन गम-पट्टी २०२२ पासून देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत असताना हा नकार समर्थनीय नाही.

कंपनीची गट पॉलिसी असेल तर नूतनीकरणाच्या वेळी मनुष्यबळ विभागाकडे लेखी मागणी करा: बाह्यरुग्ण लाभात तंबाखूमुक्तीची औषधे, वर्षात दोन कोर्स, पूर्वमंजुरी नाही. तोवर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर (तंबाखू सोडण्यासाठीच्या हेल्पलाइनवर) समुपदेशन मोफत मिळते.