‘नवं लायसन, दुप्पट प्रीमियम’: फिरत्या सल्ल्यातलं खरं किती?

शहरात पहिली कार घेणाऱ्यांसाठी एक सल्ला व्हॉट्सॲपवर सारखा फिरतो. लायसन नवं असेल तर विमा कंपनी दुप्पट प्रीमियम लावते, म्हणून गाडी वडिलांच्या नावावर घ्या. पुण्या-मुंबईऐवजी गावाकडचं पासिंग करा. लर्निंग लायसनवर विमा चालतच नाही. पैसे भरलेच आहेत तर ओरखड्याचाही क्लेम करा. आणि झिरो डेप (सुट्या भागांच्या झिजेपोटी पैसे न कापणारं जादा कव्हर) घेतलं की सगळं मिळतं. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही, आणि वडिलांच्या नावाचा सल्ला तर घातक आहे.

आधी ‘दुप्पट प्रीमियम’. अमेरिका-इंग्लंडात तरुण चालकाला विमा महाग पडतो, हे खरं. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं. 2022 च्या अधिसूचनेप्रमाणे खासगी पेट्रोल-डिझेल कारला तो वर्षाला 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यापुढे 7,897. चालवणारा 18 वर्षांचा असो की 58 चा, दर तोच. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, प्रीमियम मुख्यतः आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), मॉडेल, गाडीचं वय आणि पासिंग यांवर ठरतो. मग शोरूमच्या कोटेशनमधला आकडा एवढा फुगलेला का दिसतो? कारण सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. 1000 ते 1500 सीसीला त्याचेच 10,640 रुपये होतात, वर 18 टक्के जीएसटी. डीलरकडूनच विमा घ्यायचं बंधन मात्र नाही. तीच आयडीव्ही आणि तेच ॲड-ऑन (जादा कव्हर) धरून बाहेरचं कोटेशन मागवा आणि ताडून पाहा.

आता वडिलांच्या नावावर गाडी. अशी गाडी मुलाने वैध लायसनवर चालवली तर गाडीचा आणि थर्ड पार्टीचा विमा लागू होतो. पण सक्तीचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा ‘ओनर-ड्रायव्हर’चा असतो. तो आरसी आणि पॉलिसी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे लायसन आहे, त्यालाच मिळतो. म्हणजे रोज गाडी चालवणार मुलगा, त्याला काही झालं तर या विम्यातून घरच्यांना एक रुपयाही नाही. नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत) वडिलांच्याच नावावर साठतो आणि त्यांच्या हयातीत तो मुलाला देता येत नाही. जो चालवणार, त्याच्याच नावावर गाडी घ्या. ते जमत नसेल तर मुलाचा वेगळा अपघात विमा काढाच.

गावाकडच्या पासिंगने फारसं काही वाचत नाही. जुन्या टॅरिफमध्ये (विम्याच्या दरपत्रकात) पाच वर्षांच्या आतल्या, 1000 ते 1500 सीसीच्या कारला ओन डॅमेजचा दर ए झोनमध्ये (यात मुंबई, पुणे येतात) आयडीव्हीच्या 3.283 टक्के आणि बी झोनमध्ये (उरलेल्या ठिकाणी) 3.191 टक्के होता. 7 लाखांच्या गाडीला फरक 644 रुपयांचा, आणि कंपन्या त्यावर सूट देतात तेव्हा तोही घटतो. एवढ्यासाठी चुकीचा पत्ता देऊन क्लेमच्या वेळी वाद ओढवून घेऊ नका.

लर्निंग लायसनवर विमा चालतो, पण अट कडक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 3 प्रमाणे शेजारी पक्कं लायसन असलेला, गाडी थांबवू शकेल असा शिकवणारा हवा आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. शेजारी बसलेला मित्रही लर्निंगवालाच असेल तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

ओरखड्याचा क्लेम करण्याआधी कागदावर आकडेमोड करा. समजा, पार्किंगमध्ये खांबाला घासून बंपर गेला. बंपर 8,000, रंगकाम 6,000, मजुरी 1,500, एकूण बिल 15,500. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकवर 50 टक्के घसारा (झिजेपोटी कपात) म्हणजे 4,000 कटले. रंगाच्या बिलातलं 25 टक्के साहित्य धरून त्याच्या निम्मे, म्हणजे 750 कटले. सक्तीचे डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायचा वाटा) 1,000. हातात येतात 9,750. आता बोनस पाहा. क्लेम नसेल तर सवलत 20, 25, 35, 45, 50 टक्के अशी चढते. पहिल्याच वर्षी क्लेम केला की ती 0, 20, 25, 35, 45 होते. ओन डॅमेजचा प्रीमियम 12,000 स्थिर धरला, तर पाच नूतनीकरणांत 6,000 रुपये जातात. या बंपरचा क्लेम परवडतो, 4,000 च्या ओरखड्याचा नाही.

झिरो डेपने फक्त घसारा वाचतो. डिडक्टिबल भरावंच लागतं, आणि असे क्लेम वर्षाला किती करता येतील यावर बऱ्याच पॉलिसींत मर्यादा असते. इंजिनात शिरलेलं पाणी त्यात येत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. मुंबईतल्या हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाण्यात गाडी बंद पडली की नवा चालक घाबरून पुन्हा स्टार्टर मारतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पाण्याचं नसून तुम्ही स्टार्टर मारल्याचं, असं सर्व्हेयर (कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) लिहितो. म्हणून इग्निशन बंद करा, पुन्हा किल्लीला हात लावू नका, पाण्याच्या पातळीचे फोटो काढा, कंपनीला फोन करा आणि गाडी टो करूनच वर्कशॉपला न्या.